निबंधात ब्याऐंशी

मंगळीबाईचा पितळी हंडा विहिरीत पडला त्या दुपारी फत्तेसिंग पाटील नुकतेच जेवायला बसले होते. चिंचबारी हे विसरवाडीपासून तीन कोसांवरचं, डोंगराला टेकलेलं गाव, आणि फत्तेसिंग त्या गावचे पोलीस पाटील. गावात जे काही घडायचं ते पाटलांच्या जेवणाच्या वेळेलाच घडायचं, हा वीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी मुकाट्याने भाकरीवर दुसरं ताट पालथं घातलं आणि ते ओसरीवर आले.

मंगळीबाई साठीची विधवा होती, आवाज मात्र विशीतला होता. शेजारणीने आपला हंडा लांबवला अशी तिची फिर्याद होती. पाटलांनी जागेवर जाऊन पाहिलं तेव्हा प्रकार वेगळाच निघाला. होळी होऊन आठ दिवस झाले होते. सगळी माणसं शेतावर होती. ती संधी साधून डोंगरातली वानरं खाली उतरली आणि मंगळीबाईने अंगणात वाळत घातलेल्या हरभऱ्यावर बसली. तिने काठी उगारताच एक वानर विहिरीच्या काठावर उडालं आणि तिथे ठेवलेला हंडा आत गेला. संध्याकाळपर्यंत गळ टाकून लोकांनी तो वर काढला. एका बाजूला थोडा पोचा पडला होता, एवढंच.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मंगळीबाईने हट्ट धरला की हे सगळं सरकारात लिहून गेलंच पाहिजे. गेल्या साली तिची शेळी हरवली तेव्हा पाटलांनी काही लिहून पाठवलं नव्हतं, आणि शेळी परत आली नव्हती. या दोन गोष्टींचा संबंध तिच्या मनात पक्का बसला होता. लिहून जाईपर्यंत आपण ओसरीवरून हलणार नाही असं सांगून ती तिथे बसली, आणि खरोखरच हलली नाही.

पाटलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्याकडे सरकारी शिक्का होता आणि लिहायचं काम शाळेचे मास्तर करायचे. पण मास्तर बहिणीच्या लग्नाला रजेवर गेले होते. अशा वेळी पाटलांना आठवण झाली ती घरातच असलेल्या जावयाची. खरं तर आठवण व्हायला तो विसरलेला नव्हताच. उलट त्याला काहीतरी काम सांगण्याची अशी संधी कधी येते याची पाटील चार महिने वाट पाहत होते.

जावयाचं नाव इंद्रसिंग. व्हर्नाक्युलर फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, परीक्षेत तो नंदुरबारच्या केंद्रात पहिला आला होता. निबंधात तर त्याला शंभरपैकी ब्याऐंशी गुण होते, आणि तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो निबंध इतर मुलांना उभं राहून वाचून दाखवला होता. पाटलांनी हे ऐकलं आणि आपली मुलगी सुंदरबाई त्यालाच द्यायची असं ठरवून टाकलं. त्यांची बायको रेवाबाई हिला ते पसंत नव्हतं. तिच्या मनात विसरवाडीचा वीरसिंग होता. तो चौथीत तीनदा नापास झाला होता, पण आता त्याची स्वतःची मोटारलॉरी होती. नंदुरबारच्या बाजारात मिरची पोचवायची तर सगळ्या मुलखाला त्याच्या दारात जावं लागे. रेवाबाईचं म्हणणं असं, की नापास पोर कमावतं आहे आणि पहिलं आलेलं पोर भाकरी मोडतं आहे, तेव्हा नंबराचा आणि नशिबाचा काही संबंध नाही. पाटील यावर एकच सांगत. समन्स वाचून देणारा माणूस घरात नसल्यामुळे ते तीन वेळा चुकीच्या तारखेला धुळ्याला जाऊन आले होते. ज्याला अक्षर येतं त्याला सगळं येतं, अशी त्यांची त्या तीन खेपांपासून खात्री झाली होती.

इंद्रसिंगने चार ठिकाणी नोकरीचे अर्ज केले होते. टपाल विसरवाडीपर्यंत येई, आणि तिथून त्याचं स्वतःचं गाव फार आत होतं. म्हणून उत्तर येईपर्यंत तो सासुरवाडीला राहिला होता. उत्तर येत नव्हतं. तो मुळात आळशी नव्हता. शेतावर यायला तो तयार होता, पण पहिल्या नंबराच्या माणसाने नांगराला हात लावलेला पाटलांना खपत नसे. त्यामुळे तो ओसरीवर बसून वाट पाही, आणि जेवताना सासूकडे पाहायचं टाळी.

पाटलांनी त्याला बोलावलं आणि सगळी हकिगत सांगितली. "जवाईबुवा, दोन वळी लिखी टाका," ते म्हणाले. "वांदरं उनात, हंडा हिरमा पडना, सापडना. बस."

इंद्रसिंगने दौत-टाक घेतला आणि तो बराच वेळ नुसता बसून राहिला. चार महिन्यांनी त्याच्या हातात काम आलं होतं आणि ते वाया घालवायचं नाही असा त्याचा निर्धार होता. शिवाय दोन ओळी कशा लिहायच्या हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. तीस ओळींहून कमी लिहिलं की गुण कापतात. सुरुवात वेळेच्या वर्णनाने करावी. शेवटी तात्पर्य द्यावं. आणि मुख्य म्हणजे, ज्या वस्तूवर लिहायचं तिचं नाव निबंधात जितकं कमी येईल तितके गुण जास्त, हे त्याच्या मास्तरांनी त्याला छडीच्या जोरावर पढवलं होतं. त्याने लिहिलं ते असं:

"माध्यान्हीचा सूर्य मस्तकी तळपत होता. कष्टाळू कृषीवल शेतात घाम गाळीत होते. ग्रामात केवळ अबला व बालके उरली होती. इतक्यात पश्चिमेच्या गिरिशिखरावरून काळ्या तोंडाची एक टोळी, संख्येने चाळिसांहून अधिक, ग्रामावर चालून आली. त्यांच्या धिप्पाड नायकाने प्रत्यक्ष चावडीच्या छपरावर ठाण मांडले व दात विचकून साऱ्या ग्रामास आव्हान दिले. धान्याची यथेच्छ लूट झाली. मंगळीबाई नामक विधवेने प्रतिकार करताच तिचा हंडा कूपाच्या उदरात गडप झाला."

असं होत होत एकतीस ओळी झाल्या. एकतिसावी अशी होती: "पुनरागमनाची जणू प्रतिज्ञाच करून ते वीर डोंगरात अंतर्धान पावले. तात्पर्य, सावध तो सुखी."

त्याने ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. पाटलांना निम्मं समजलं नाही, पण त्यांचे डोळे भरून आले. मंगळीबाईला आपलं नाव दोनदा ऐकू आलं, तेव्हा ती समाधानाने उठून घरी गेली. चुलीपुढे बसलेली रेवाबाई मात्र विचारात पडली.

"बठं बेस शे," ती म्हणाली. "पन यामा वांदरं कोठे शेतस?"

"तुले ते समजस नही," पाटील म्हणाले आणि त्यांनी कागदावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी गावाची राखण करणारा जागल्या दिवाल्या तो कागद घेऊन चालत तालुक्याच्या ठाण्यावर गेला. तिथले फौजदार दोनच महिन्यांपूर्वी बदलून आले होते. जिल्ह्याच्या साहेबांनी त्यांच्या आधीच्या दोन्ही अहवालांवर 'उत्साह कमी' असा शेरा मारून ते परत पाठवले होते. तालुक्यात काहीच घडत नाही तर उत्साह दाखवायचा कशात, या काळजीत ते असतानाच चिंचबारीचा कागद त्यांच्या टेबलावर आला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग दिवाल्याला आत बोलावून टोळी खरंच आली होती का, असं विचारलं.

"हा साहेब," दिवाल्या म्हणाला. "मंगळीबाईना बठा हरभरा खाई गयात."

"हत्यारं होती?"

"हत्यारं नही, साहेब. पन चावतस."

हे शेवटचं फौजदारांना जरा विचित्र वाटलं, पण खेड्यातला माणूस घाबरला की असंच बोलतो, हे त्यांनी ऐकलं होतं. चाळीस दरोडेखोर, तोंडाला काळं फासलेले, भर दुपारी, आणि पुन्हा येण्याची प्रतिज्ञा करून गेलेले. 'जणू' हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटला. त्यांनी स्टेशनवर जाऊन जिल्ह्याला तार ठोकली की चाळीस जणांच्या टोळीच्या बंदोबस्तासाठी आपण स्वतः निघत आहोत. मग पंधरा बंदूकवाले शिपाई गोळा केले. वाहन नव्हतं, म्हणून विसरवाडीला उभी असलेली वीरसिंगची लॉरी सरकारी कामासाठी ताब्यात घेतली. वीरसिंगने लॉरीत मिरचीची पोती भरलेली आहेत असं सांगून पाहिलं. शिपाई पोत्यांवर बसले.

अशा रीतीने तिसऱ्या दिवशी दुपारी, पाटील जेवायला बसलेले असताना, लॉरी चिंचबारीत शिरली आणि तिच्यातून पंधरा शिपाई शिंकत शिंकत खाली उतरले.

फौजदारांनी उतरताच पाटलांना गाठलं. दरोडेखोर कुठल्या वाटेने आले, असं ते विचारत होते. पाटलांनी हाताने डोंगर दाखवला, कारण वानरं खरोखरच तिकडून आली होती, आणि पाणी आणतो असं सांगून ते मागच्या दाराने परसात गेले. तिथे त्यांनी जावयाला गाठलं आणि कागदात नेमकं काय लिहिलं होतं ते साध्या भाषेत सांगायला लावलं. इंद्रसिंगने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"मामा, त्यात एक शब्दही खोटा नाही," तो शेवटी म्हणाला.

पाटील कडुलिंबाखाली खाटेवर बसले. खरं सांगावं तर खोटी वर्दी दिली म्हणून पाटीलकी जाणार. त्याहून वाईट म्हणजे ब्याऐंशी गुणांचा जावई वानरांना दरोडेखोर करून बसला हे गावभर होणार, आणि रेवाबाई ते मरेपर्यंत ऐकवणार. त्यांनी ठरवलं की आपण गप्प राहायचं. शिपाई दोन दिवस बसतील, कोणी येणार नाही, कंटाळून जातील. पाटील एकदा ठरवलं की मागे हटणारे नव्हते.

शिपायांनी गावाच्या तिन्ही वाटा रोखल्या. शेतावर जायला बंदी झाली, त्यामुळे हरभरा काढायचा राहिला. पंधरा शिपायांचा शिधा गावावर पडला आणि गावातल्या कोंबड्या दिसेनाशा होऊ लागल्या. वीरसिंगला लॉरी सोडून जाता येईना. तो तिच्याखाली सतरंजी टाकून पडून राहिला. रेवाबाई त्याला भाकरी नेऊन देई आणि येताना कोणाकडेही न पाहता म्हणे की एका कागदाने गावाची ही गत केली, तर चार अर्ज पोचले असते तर काय झालं असतं कोण जाणे. इंद्रसिंग ते ऐके आणि ताटावरून अर्धपोटी उठे.

पाचव्या दिवशी फौजदारांनी चावडीत मंगळीबाईची जबानी घेतली. आपल्या हंड्याला पोचा पडला म्हणून सरकारने पंधरा बंदुका पाठवल्या, याचा तिला मनापासून आनंद झाला होता, आणि ती जो विचारेल त्याला सांगायला तयार होती. नायक कसा होता, असं फौजदारांनी विचारलं. चांगला थोराड, केस पांढरे भक्क, तोंड काळं, असं ती म्हणाली. अंगावर कपडे काय होते? कपडा काहीच नव्हता. फौजदारांनी 'फक्त लंगोटी' असं लिहून घेतलं. पुन्हा दिसला तर ओळखशील का, या प्रश्नाने मात्र तिचा अपमान झाला.

"वळखसू नही ते काय? दर साल येस तो."

फौजदारांचा टाक थांबला. दर साल? दर साल, हरभरा निघाला की, असं मंगळीबाईने सांगितलं. आणि पाटलांना हे माहीत असतं? पाटलांनाच काय, साऱ्या गावाला माहीत असतं. पाटील तर दोनदा त्याच्यासाठी शेंगा टाकायला सांगतात, म्हणजे तो उभ्या पिकाला हात लावत नाही.

फौजदार उठून उभे राहिले. त्यांना सगळा उलगडा झाला होता. गावचा पोलीस पाटील वर्षानुवर्षं दरोडेखोरांना शिधा पुरवत होता, आणि या साली वाटणीवरून बिनसलं म्हणून त्याने वर्दी दिली होती. त्यांनी पाटलांना समोर बोलावलं, शिक्का टेबलावर ठेवायला सांगितला आणि उद्या सकाळी तुम्हाला आमच्याबरोबर तालुक्याला यावं लागेल, असं कळवलं. पाटलांनी कंबरेचा शिक्का सोडला. वीस वर्षं तो तिथे होता. तो काढल्यावर धोतर सैल झाल्यासारखं वाटून त्यांनी उगाचच हाताने ते वर ओढलं. जावयाचं नाव ते तरीही बोलले नाहीत.

इंद्रसिंग दाराशी उभा होता. तो आत आला आणि टेबलासमोर उभा राहिला. आजवर तो सगळ्यांशी पुस्तकातलीच मराठी बोलत आला होता.

"साहेब, त्या वांदरं व्हतात," तो म्हणाला. "कागद मी लिखा. पाटीलले वाचता येस नही. त्यास्ना काही दोष नही."

फौजदारांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. सासऱ्याला वाचवायला जावई काहीही सांगेल, एवढं न कळण्याइतके ते कच्चे नव्हते. वानरं दरोडा घालत नाहीत, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं. इंद्रसिंग जागचा हलला नाही. त्याने तीच चार वाक्यं पुन्हा म्हटली. मलाही धरून न्या, असं तो म्हणाला, आणि फौजदार त्यालाही धरून नेणारच होते, इतक्यात बाहेरून एका शिपायाने हाक मारली.

माध्यान्हीचा सूर्य मस्तकी तळपत होता. कृषीवलांना शेतावर जायची बंदी असल्यामुळे शेतात हरभरा तसाच उभा होता, आणि शिपाई झाडाखाली पेंगत होते. पश्चिमेच्या डोंगरावरून काळ्या तोंडाची टोळी खाली उतरत होती. संख्या चाळिसांहून अधिकच होती. फौजदार हातात कागद घेऊन अंगणात उभे राहिले. टोळीतल्या काहींनी मंगळीबाईच्या अंगणाकडे मोर्चा वळवला. एक धिप्पाड, पांढऱ्या केसांचा नायक लॉरीच्या टपावरून चावडीच्या छपरावर गेला, तिथे त्याने ठाण मांडलं आणि खाली पाहून दात विचकले. फौजदारांनी कागदाकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"साहेब, वर्णन तंतोतंत जुळतं," जवळचा शिपाई गंभीरपणे म्हणाला.

गोळी झाडायचा प्रश्नच नव्हता. मारुतीच्या वंशजांवर बंदूक रोखायला एकही शिपाई तयार झाला नसता. फौजदारांनी दोन रिकामे डबे आणवले आणि स्वतः वाजवले. टोळी सावकाश डोंगराकडे परतली. नायक सर्वांत शेवटी गेला.

फौजदारांनी शिक्का पाटलांना परत दिला आणि ते चावडीत एकटेच बसले. जिल्ह्याला तार गेली होती. साहेबांचं उलट टपाल शिपायाबरोबर आलं होतं की तपशीलवार अहवाल ताबडतोब पाठवावा. चाळीस वानरांसाठी पंधरा शिपाई, एक लॉरी आणि पाच दिवस, हे कुठल्या शब्दांत लिहायचं? तासाभराने त्यांनी इंद्रसिंगला बोलावलं आणि निबंधात किती गुण होते, असं विचारलं. त्याने आकडा सांगितला. आपल्याला चौतीस होते आणि एक गुण कृपेचा मिळाला होता, असं फौजदारांनी खाली मान घालून कबूल केलं. मग दौत त्याच्यापुढे सरकवली.

इंद्रसिंगने लगेच लिहून दिलं: "ती वानरे होती. चूक माझी."

फौजदारांनी ते वाचलं. हे वर गेलं तर माझी नोकरी जाईल, पाटलांची पाटीलकी जाईल आणि तुला आयुष्यात कोणी चिठ्ठी लिहायलाही ठेवणार नाही, असं ते म्हणाले. मागे लिहिलंस तसं लिही. पण इंद्रसिंगने आता मनाशी गाठ बांधली होती की दोन ओळींच्या पुढे जायचं नाही. तो बाहेर येऊन चावडीच्या पायरीवर बसला. फौजदारांनी दोनदा बोलावलं, तो उठला नाही. शेवटी पाटलांनी सुंदरबाईला त्याच्यासाठी पाणी घेऊन पाठवलं. ती लग्नापासून त्याच्याशी चारचौघांत बोललेली नव्हती. तिने तांब्या खाली ठेवला आणि पदर सावरून ती उभी राहिली.

"खोटं लिखू नका," ती म्हणाली. "पन मन्हा बाले वाचाडा."

इंद्रसिंग पाणी प्याला आणि आत गेला. या वेळी त्याला चार तास लागले. प्रत्येक वाक्य लिहून झालं की ते खरं आहे ना, असं तो स्वतःला विचारत होता आणि नसलं तर खोडत होता. अहवाल बासष्ट ओळींचा झाला. त्यात असं होतं की फौजदारसाहेबांची टोळीशी समोरासमोर गाठ पडली. त्यांनी एकही गोळी न झाडता, रक्ताचा थेंबही न सांडता, केवळ धीराने आणि प्रसंगावधानाने संपूर्ण टोळीला डोंगरात परतवलं. लुटीचा माल जागेवरच राहिला. पाटलांनी सर्व प्रकारे सहकार्य केलं. फौजदारांनी तो वाचला आणि त्यात वानर हा शब्द आहे का, ते शोधून पाहिलं. नव्हता. त्यांनी सही केली.

महिन्याभरात जिल्ह्याहून फौजदारांना शाबासकीचा कागद आला. त्याच टपालाने, फौजदारांच्या शिफारशीवरून, इंद्रसिंगला ठाण्यावर लेखनिक म्हणून नेमल्याचा हुकूमही आला. फत्तेसिंग पाटलांनी गावभर गूळ वाटला. जो भेटेल त्याला ते सांगत होते की ब्याऐंशीतला एकेक मार्क कामाला आला, एकही फुकट गेला नाही. रेवाबाईने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आपलं मत दिलं.

"नौकरी मार्कस्नी नही लावी. वांदरस्नी लावी."

पण तिचाही तोरा फार टिकला नाही. त्याच संध्याकाळी वीरसिंग आला. पाच दिवस लॉरी अडकली, पेट्रोल घरचं गेलं, पोत्यांतल्या मिरचीचा शिपायांच्या बुडाखाली चुरा झाला, आणि भरपाई मागायची तर अर्ज करावा लागतो, असं त्याला कळलं होतं. अर्ज इंद्रसिंगकडून लिहून घ्यायला तो आला होता. जरा लांबलचक लिहा, असं त्याने हात जोडून सांगितलं. रेवाबाई चुलीकडे वळली.

इंद्रसिंग नोकरीवर रुजू व्हायचा त्याच्या आदल्या दिवशी सकाळी फौजदार घोड्यावरून स्वतःच चिंचबारीत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी ओसरीवर बसून पाणी मागितलं आणि खिशातून एक कागद काढून इंद्रसिंगच्या हातात दिला. त्याने तो मोठ्याने वाचला. शहाद्याच्या पुढे, तोरणमाळच्या चढावर, खऱ्याखुऱ्या दरोडेखोरांनी दोन बैलगाड्या लुटल्या होत्या. सातजण होते, त्यांच्याकडे दोन बंदुका होत्या. चाळीस जणांची टोळी एकही गोळी न झाडता परतवणारे अधिकारी जिल्ह्यात एकच असल्यामुळे ही कामगिरी त्यांच्याकडेच सोपवण्यात येत होती. त्यांचा अनुभव लक्षात घेता चार शिपाई पुरेसे होतील, असं साहेबांचं मत पडलं होतं. सोबत अहवाल लिहिणारा लेखनिक न्यावा, असंही खाली लिहिलं होतं.

फौजदार जमिनीकडे पाहत होते. खरं सांगायची वेळ निघून गेली होती आणि ते दोघांनाही कळत होतं. फौजदार म्हणाले की तू अजून रुजू झालेला नाहीस, यायलाच पाहिजे असं नाही, तू आजारी आहेस असं मी लिहून देतो.

पाटलांनी जावयाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की पोराला दहा-वीस मार्क कमी पडले असते तर बरं झालं असतं.

इंद्रसिंगने कागदाची नीट घडी घातली. "लिखं मी," तो म्हणाला. "मंग जावाले भी मीच पाहिजे."

सुंदरबाईने पीठ मळायला घेतलं. चार दिवस टिकतील अशा जाड भाकरी तिने थापल्या, लसणाची चटणी बांधली आणि जुन्या लुगड्याचा धडपा गाठोड्याला घट्ट आवळला. इंद्रसिंगने सासू-सासऱ्यांना नमस्कार केला. रेवाबाईने त्याच्या कपाळाला अंगारा लावला, आणि हात मागे घेताना तो त्याच्या डोक्यावर जरा जास्त वेळ ठेवला. मग तो फौजदारांच्या घोड्यामागे चालू लागला. बाभळीच्या वळणावर ते दिसेनासे झाले, तरी पाटील ओसरीच्या खांबाला धरून उभेच होते.

रेवाबाई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता.

"आते सांगा," ती म्हणाली. "पहिला लंबर चांगला, का नापास चांगला?"

या प्रश्नाचं उत्तर पाटलांच्या तोंडात आजवर तयारच असायचं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"त्यास्ले परत येवू दे," ते म्हणाले. "मंग सांगसू."